सड्यावरच्या घराला पवनचक्की : तीन पावसाळ्यांची वही

आमच्या घरात विजेचा हिशेब वहीत असतो. रात्री जेवणं आटोपली की कंट्रोलरवरचे, म्हणजे बॅटरीत जाणारी वीज सांभाळणाऱ्या पेटीवरचे, दोन आकडे बघायचे, एक सोलरचा आणि एक पंख्याचा (पवनचक्कीला आम्ही पंखाच म्हणतो), आणि तारखेपुढे मांडायचे. १४ जुलै २०२४ : सोलर ०.५ युनिट, पंखा ४.१. त्याच वर्षीचा १२ नोव्हेंबर : सोलर २.७, पंखा ०.१. घरगुती पवनचक्की घ्यावी का, असं कोणी विचारलं की मी आधी ही दोन पानं उघडून दाखवते आणि मग बोलते.

आम्ही राहतो देवगड तालुक्यात, विजयदुर्गाच्या बाजूच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर. पूर्वी इथे नुसता मांगर होता, आंब्याच्या राखणीपुरता. सासऱ्यांनी चिऱ्याच्या भिंती घातल्या, कौलं चढवली, आणि आता आम्ही बाराही महिने इथेच असतो : मी, आमचे हे आणि सासूबाई. कलमं साठ-सत्तर आहेत. विजेचा सगळ्यात जवळचा खांब व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, पाऊण किलोमीटरवर. मधली जमीन सात-आठ जणांच्या नावावर, त्यातले निम्मे मुंबईत. सगळ्यांच्या सह्या गोळा करण्यात वर्षं गेली, शेवटी आम्ही तो नाद सोडला.

२०१९ साली दोन सोलर पॅनेल बसवली, मिळून ६६० वॅट. दोन १५० एएचच्या ट्युब्युलर बॅटऱ्या, २४ व्होल्ट. दिवाळीपासून मेपर्यंत काही बघावं लागत नाही. दिवे, दोन कमी वॅटचे पंखे, टीव्ही, मोबाईल, सकाळी मिक्सर, सगळं चालतं. मृग लागला की मात्र पंचाईत. आषाढात सलग पाच-सहा दिवस सूर्य दिसत नाही, अंगणात दुपारी बारा वाजता संध्याकाळसारखं वाटतं, आणि जी पॅनेलं एप्रिलमध्ये अडीच युनिट देतात ती अर्ध्या युनिटावर येतात. बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही हा नियम पाळायचा तर रात्री एक दिवा आणि एक पंखा, बस.

दिव्याचं एक वेळ निभावतं. आमची खरी अडचण सासूबाईंच्या इन्सुलिनची होती. चालू कुपी बाहेर राहिली तर महिनाभर चालते, पण पुढचा साठा गारच ठेवावा लागतो. तो आम्ही खाली वाडीत दिरांच्या फ्रिजमध्ये ठेवायचो. व्हाळाला पूर आला की वाडीत जाता यायचं नाही. मडक्यात ओल्या वाळूत ठेवून पाहिलं, पण पावसाळ्यात हवाच इतकी ओली की मडकं गार पडत नाही. २०२२ च्या श्रावणात सासूबाईंची कुपी संपली आणि दिरांचा मुलगा कमरेएवढ्या पाण्यातून दोरीला धरून दुसरी घेऊन आला. त्या दिवशी ठरवलं की घरात फ्रिज चालला पाहिजे आणि तो पावसाळ्यात चालला पाहिजे.

यंत्र घेतलं त्याच वर्षी दिवाळीनंतर. भारतातच बनलेलं, अंगावर १ किलोवॅट लिहिलेलं, फायबरची तीन पाती, पात्यांच्या टोकापासून टोकापर्यंत २.८ मीटर, आत वीज बनवणारा कायमचुंबकाचा अल्टरनेटर. कंपनीचं नाव इथे देत नाही. या मापाची यंत्रं बरेच जण बनवतात, आणि मला जे सांगायचं आहे ते त्यातल्या कुठल्याही यंत्राला लागू आहे. कंट्रोलरसकट १,१५,००० रुपये पडले.

विकायला आलेला माणूस म्हणाला, "वहिनी, देवगडला एवढ्या मोठ्या पवनचक्क्या फिरतात, मग तुमच्याकडे का नाही फिरणार?" आम्हालाही ते पटलं. देवगडच्या त्या चक्क्यांचे खांब केवढे उंच आहेत हे डोळ्यांसमोर असूनही आमच्या लक्षात आलं नाही. त्याने आमचं यंत्र पडवीच्या भिंतीला क्लॅम्प मारून, पाइपावर, कौलांच्या वर जेमतेम पाच-सहा फूट उभं केलं. एका दिवसात काम संपवून गेला.

पहिला पावसाळा, म्हणजे २०२३ चा जून, मी विसरणार नाही. पंखा फिरायचा, जोरात फिरायचा, मग एकदम मान वळवायचा, थांबायचा, उलट्या बाजूला तोंड करायचा. चिऱ्याच्या भिंतीतून घरभर घूंऽऽ असा आवाज. फडताळातली भांडी किणकिणायची, सासूबाईंना झोप नाही. आणि एवढं सगळं होऊन वहीत आकडा काय, तर ०.४ युनिट. फोन केला की एकच उत्तर, "तुमच्याकडे वारा कमी आहे." बाहेर वारा नारळ पाडत होता.

खुलासा केला तो माझ्या पुतण्याने. तो आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करत होता. त्याने एक लांब बांबू घेतला, माझ्या जुन्या सुती साडीच्या तीन पट्ट्या फाडल्या आणि त्या तीन उंचीवर बांधल्या. बांबू पंख्याच्या जागेशेजारी उभा केला. सगळ्यात खालची पट्टी नुसती गरगर फिरत होती, कधी बांबूला गुंडाळायची, कधी सुटायची. मधली फडफडत होती. वरची थोडी सरळ, पण मधेच खाली पडायची. मग तोच बांबू घेऊन आम्ही घरापासून चाळीस-पंचेचाळीस मीटरवर उघड्या कातळावर गेलो, जिथे एक झुडूपही नाही. तिथे वरची पट्टी फूटपट्टीने रेघ मारल्यासारखी ताठ, नैर्ऋत्येकडून ईशान्येला. मी पंधरा मिनिटं बघत उभी होते, ती खाली आली नाही.

घर, कलमं, काजू यांच्यावर आपटून वारा फुटतो, त्याचे भोवरे होतात. भोवऱ्यात पंखा फिरतो पण वीज देत नाही, आणि वर बेअरिंग झिजतं ते वेगळं. जाणकारांचा ठोकताळा असा की तीनशे फुटांच्या आत जे सगळ्यात उंच झाड किंवा घर असेल, त्याच्याही वर तीस फूट पाती हवीत. आमची कलमं पंचवीस फुटांची. म्हणजे घराजवळ ठेवायचा तर खांब पंचावन्न फुटांचा, आणि तो आमच्या आवाक्यात नव्हता. शेवटी तडजोड केली, आणि झाडांपासून लांब, कातळावर, चाळीस फुटांचा उभा केला.

इथे वाऱ्याचं गणित सांगायलाच हवं, कारण विकणारे ते सांगत नाहीत. यंत्रावर १ किलोवॅट लिहिलेलं असतं ते सेकंदाला ११ मीटर वाऱ्याला, म्हणजे तासाला ४० किलोमीटर. तसा वारा आमच्याकडे मोठ्या सरीबरोबर येतो, छत्री उलटते, माडाच्या झावळ्या सगळ्या एका अंगाला ओढल्या जातात. पावसाळ्यातला रोजचा वारा त्याच्या निम्मा. आणि वारा निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठव्या हिश्शावर येते. एक हजार वॅटचे सव्वाशे राहतात. उलटही खरं. वारा थोडासा वाढला तरी वीज पुष्कळ वाढते, म्हणून खांबाच्या वाढीव पंधरा-वीस फुटांना एवढं मोल. वाऱ्यात जेवढी शक्ती असते तिच्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्केच कुठल्याही यंत्राला काढता येते, हा निसर्गाचा नियम. घरगुती यंत्र त्याच्या निम्म्यावर पोचलं तरी पुष्कळ. तेव्हा दुकानात वॅट विचारू नका, पात्यांचा व्यास विचारा, आणि सेकंदाला पाच मीटर वाऱ्याला किती देतं ते लिहून मागा. पवन ऊर्जेची राष्ट्रीय संस्था चेन्नईत आहे आणि तिचं चाचणी केंद्र तामिळनाडूत कायथारला. तुमचं मॉडेल कोणत्या चाचणीतून गेलं हे विक्रेत्याला खुशाल विचारा.

खांबाचं काम मात्र मनासारखं झालं. ते देवगडच्या एका फॅब्रिकेटरने केलं आणि त्याचं श्रेय मी त्याला देते. चार इंची गॅल्व्हनाइज्ड पाइप, चार बाजूंनी तारांचे ताण, बुडाशी बिजागरी. बाजूला एक आडवा पाइप आणि हातविंच, म्हणजे चार माणसांत खांब आडवा करता येतो आणि परत उभाही. ही रचना पुतण्याने ह्यू पिगट यांच्या आराखड्यांवरून सुचवली. स्कॉटलंडच्या स्कोरेग नावाच्या किनाऱ्यावर, जिथे गाडीरस्ता पोचत नाही, तिथे ते सत्तरच्या दशकापासून घरगुती पवनचक्क्या हाताने बनवत आले. खारं वारं, कातळ, एकाकी घरं, सगळं आमच्यासारखंच. थंडी तेवढी वेगळी.

जांभ्याने आम्हाला एक धडा शिकवला. वरचा कातळ लोखंडासारखा, ड्रिलची टोकं मोडतात, पण हातभर खाली गेलं की तोच जांभा मऊ, पिवळसर, नखाने उकरावा असा. पहिल्या ताणासाठी भोक पाडून सळई सिमेंटमध्ये बसवली होती. फॅब्रिकेटर म्हणाला आधी ओढून बघू. विंच लावला, आणि सळई सिमेंटच्या गोळ्यासकट वर आली. खांब उभा केल्यावर हे झालं असतं तर काय, हा विचार आजही येतो. मग चारही खड्डे चार फूट खोल काढले, तळाला आडवी सळई टाकून काँक्रीट भरलं. अर्थिंगचाही असाच प्रश्न, मे महिन्यात सडा इतका कोरडा की जमिनीत वीज उतरायला ओल नाही. शेवटी न्हाणीचं पाणी ज्या माडाच्या आळ्यात जातं तिथे मीठ-कोळसा घालून खड्डा केला. तिथे बारा महिने ओल असते. खांब, ताण, खड्डे, १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, अर्थिंग मिळून ७७,०००. केबलीत पैसे वाचवू नका. २४ व्होल्टला बारीक तार टाकली तर वीज तारेतच गरम होऊन संपते.

तेच यंत्र, तीच पाती. पडवीवर ०.४ देणारा पंखा कातळावर २०२४ च्या जुलैत दिवसाला सरासरी साडेतीन युनिट देत होता. पाऊस पडतोय, पॅनेलवर अंधार, आणि रात्री दोन वाजता बॅटरी भरत्येय, ही गोष्ट पहिल्यांदा बघितली तेव्हा मी सासूबाईंना उठवून दाखवली. बॅटरीवर थेट चालणारा लहान डीसी फ्रिज आला. त्याच्या दाराच्या कप्प्यात इन्सुलिनच्या कुप्या कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. त्यानंतर दिरांच्या मुलाला पुरात उतरावं लागलेलं नाही.

बॅटरी भरली की जास्तीची वीज कुठेतरी घालवावी लागते. सोलरसारखं हे यंत्र नुसतं तोडून चालत नाही, भार काढला की पाती मोकाट सुटतात. म्हणून कंट्रोलर ती वीज एका हीटरला देतो. आमचा हीटर न्हाणीतल्या चाळीस लिटरच्या पिंपात आहे, आणि पावसाळ्यात सासूबाईंच्या आंघोळीला कोमट पाणी त्यातून निघतं. पिंप कधीही रिकामं ठेवायचं नाही, हे मी खडूने पिंपावरच लिहिलंय.

जोराचा वारा आला की यंत्र स्वतःला कसं सांभाळतं, तेही सांगते. शेपूट बिजागरीवर आहे. वारा एका मर्यादेपलीकडे गेला की पात्यांचं तोंड हळूच बाजूला वळतं आणि शेपूट दुमडून पात्यांशी समांतर येते. गाय पावसात पाठ करून उभी राहते, अगदी तशी. आवाज बदलतो, सूं सूं चा खरखर होतो. वारा ओसरला की शेपूट परत सरळ. वादळाचा इशारा असेल तर मात्र त्याच्यावर विसंबायचं नाही, ब्रेकचा खटका आधीच पाडायचा. हा ब्रेक म्हणजे अल्टरनेटरच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडणं. वारा पूर्ण भरात आल्यावर खटका पाडला तर पाती थांबतीलच असं नाही, आणि आतली गुंडाळी जळू शकते. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ इथून गेलं तेव्हा आमच्याकडे पंखा नव्हता, पण आमची अकरा कलमं त्या रात्री आडवी झाली. ती रात्र आठवून आम्ही ब्रेक जरा लवकरच पाडतो. सासूबाईंना दिसतं कमी, पण कान तिखट. त्या खाटेवरून सांगतात, "वारो सुटलो गो, पंखो बांधून घे."

आता त्रास. खारी हवा काहीच सोडत नाही. पहिल्याच वर्षात नट-बोल्ट तांबडे झाले. कंपनीने दिलेले बोल्ट स्टीलचे होते खरे, पण हलक्या प्रतीचे. आम्ही सगळे खाऱ्या हवेत टिकणाऱ्या ३१६ ग्रेडचे घालून घेतले. मान जिथे फिरते तिथले कार्बन ब्रश आणि त्यांच्या कड्या यांच्यावर मिठाचा थर बसतो. पात्यांच्या पुढच्या धारेवर पावसाच्या थेंबांनी खरबरीतपणा येतो, तिथे चिकटपट्टी लावावी लागते. म्हणून दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात खांब आडवा करायचा, गोड्या पाण्याने धुवायचा, ग्रीस, ब्रश, ताण तपासणं, आणि मृगाच्या आत परत उभा. २०२५ साली हे गणित चुकलं. मान्सून २५ मेलाच देवगडात पोचला. खांब कातळावर आडवा, मानेचे भाग ताडपत्रीवर सुटे, आणि वावझड अशी की समोरचं माणूस दिसेना. आठ दिवस तसाच पडून होता. आता आम्ही हे काम १० मेच्या आत उरकतो, आंब्याची गडबड असली तरी.

माझी खरी तक्रार आहे ती सर्व्हिसची. २०२४ च्या सप्टेंबरात कंट्रोलर बंद पडला. दुरुस्तीला इथे कोणी येणार नाही, कुरिअरने पाठवा म्हणाले. पाठवला, तो परत यायला २३ दिवस लागले. भार नाही म्हणून पंखा २३ दिवस ब्रेक लावून उभा, बाहेर चांगला वारा, आणि कुप्या परत वाडीत. रोज फोन करायचे, रोज "उद्या निघेल." ज्या यंत्रावर कोणाचं औषध अवलंबून आहे ते विकताना एवढी तरी जबाबदारी विक्रेत्याने घ्यायला हवी. शेवटी आम्ही दुसरा कंट्रोलर विकत घेऊन कपाटात ठेवला, आणि कार्बन ब्रशचा एक जोड डब्यात. घरातलं कोणी पाना हातात धरणारं नसेल तर हे यंत्र घेऊ नका, हे मी अगदी मनापासून सांगते.

पैशाचं बोलायचं तर सोलर आणि फ्रिज सोडून १,९२,००० झाले, आणि २०२४ च्या जूनपासून पुढच्या मेपर्यंत पंख्याने ५०० च्या आसपास युनिट दिली. त्यातली तीन चतुर्थांश जून ते सप्टेंबरात. मार्च ते मे दुपारचे खारे वारे दिवसाला एखादं युनिट देतात, हिवाळ्यात पहाटेच्या मतलई वाऱ्यावर पाती हलतात पण मोजण्यासारखं काही येत नाही. अनुदान आम्हाला मिळालं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये आहेत, पण ती योजना सरकारी वीजजोडणी असलेल्या घरांसाठी, आणि तीही सोलरला. आज पुन्हा सुरुवात करायची तर मी आधी पॅनेलं दोनाची चार करीन, ती आता बरीच स्वस्त झाली आहेत. तेवढ्यावर आषाढ निघत असेल तर पंख्याच्या वाटेला जाऊ नये. आमचा निघाला नसता, कारण काळोखाच्या आठवड्यात चार पॅनेलंही एका युनिटाच्या वर जात नाहीत, आणि रात्री तर काहीच नाही. म्हणून पंखा मी पुन्हा घेईन, पण पहिल्या दिवसापासून कातळावर, चाळीस फुटांवर.

यंत्राला पाचापैकी साडेतीन. फॅब्रिकेटरच्या खांबाला पाच. सर्व्हिसला एक.

खाडीपलीकडच्या माझ्या नणंदेलाही घ्यायचा आहे. तिला म्हटलं, आधी बांबूला साडीची पट्टी बांध आणि वर्षभर बघ. विकणारे पंखा दाखवायला जुलैत नेतात, तेव्हा तो सुंदर फिरतो. तुम्हाला आमचा बघायचा असेल तर नोव्हेंबरात या. वही ओटीवरच असते, जुलैचं पान मी काढून देईन.